नोंदवहीबाहेरचा जॉश गिब्सन

कोणत्या संघाचे खेळाडू सगळ्यात थोर, हा वाद कुठल्याही खेळात कधी संपत नाही. आमच्या इंदुरात जुनी मंडळी एकत्र बसली की होळकर संघाचा विषय निघतोच. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर अशी नावं एकामागून एक येतात, चार रणजी करंडकांचा हिशेब मांडला जातो, आणि समोर एखादा मुंबईकर पाहुणा असला तर मग विचारायलाच नको. अमेरिकेत हाच वाद शंभर वर्षं बेसबॉलवरून चाललाय. तिथे बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: न्यूयॉर्क यँकीज. बेब रूथ त्यांचा, लू गेरिग त्यांचा, जो डिमॅजिओ त्यांचा, मिकी मँटल त्यांचा. १९२७ च्या एकाच यँकी संघातले सहा खेळाडू पुढे बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये, म्हणजे कूपर्सटाऊनच्या सन्मान-दालनात जाऊन बसले. त्या वर्षी एकट्या रूथने ६० होम रन मारले. एवढं सांगितल्यावर समोरचा गप्पच बसतो.

मी या वादात दुसऱ्या एका गावाचं नाव घेणार आहे. ते गाव म्हणजे पोलादाच्या भट्ट्यांचं पिट्सबर्ग. १९३० नंतरच्या दशकात तिथे पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स नावाचा संघ होता. सॅचेल पेज, ऑस्कर चार्ल्सटन, कूल पापा बेल, ज्युडी जॉन्सन आणि जॉश गिब्सन हे पाच जण त्या एका संघातून खेळले आणि पाचही जण आज कूपर्सटाऊनमध्ये आहेत. शेजारच्या होमस्टेडचा ग्रेज हा संघही तितकाच तगडा. पण ही नावं त्या काळच्या वादात कोणी घेत नसे. कारण हे सगळे खेळाडू काळे होते, आणि काळ्यांना मुख्य लीगमध्ये खेळायलाच बंदी होती. या पाचांपैकी जॉश गिब्सनची गोष्ट मला सांगायचीय. खेळ सर्वांत मोठा आणि वाट्याला आलेलं सर्वांत कमी, असा हिशेब कोणाचा असेल तर त्याचाच.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एका बाजूला नऊ खेळाडू. चेंडू टाकणारा पिचर. फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू पकडणारा कॅचर, म्हणजे आपला यष्टीरक्षकच समजा. चेंडू थेट कुंपणापार गेला की होम रन. फलंदाजाची सरासरी मात्र आपल्यासारखी धावांवर काढत नाहीत. त्याला मिळालेल्या संधींपैकी किती वेळा त्याने यशस्वी फटका मारला, यावर ती निघते. हजारात तीनशे वेळा जमलं तर तो उत्तम फलंदाज. यात कॅचरचं काम सगळ्यात कष्टाचं. तासन्‌तास गुडघ्यांवर बसायचं, बोटं मोडून घ्यायची, वर फलंदाजीही करायची. म्हणून कॅचर सहसा मोठे फलंदाज नसतात. गिब्सन कॅचर होता, हे ध्यानात ठेवा.

जॉशचा जन्म २१ डिसेंबर १९११ चा, जॉर्जिया राज्यातल्या ब्युएना व्हिस्टा या छोट्या गावचा. घरची स्थिती बेताचीच, शेती दुसऱ्याची. दक्षिणेकडच्या काळ्या कुटुंबांना त्या काळी पोटासाठी आणि जरा मोकळ्या श्वासासाठी उत्तरेची वाट धरावी लागे. जॉशचे वडील मार्क गिब्सन आधी एकटे पिट्सबर्गला गेले, पोलादाच्या कारखान्यात कामाला लागले आणि मग बायको-मुलांना बोलावून घेतलं. जॉश तेव्हा बारा वर्षांच्या आसपास होता. तिथे तो विजेचं काम शिकवणाऱ्या शाळेत गेला, पण शिक्षण मध्येच सुटलं. पोरगा अंगापिंडाने दणकट. कारखान्यात काम केलं, मग जिंबेल्स नावाच्या मोठ्या दुकानात लिफ्ट चालवली. त्या दुकानाचा एक बेसबॉल संघ होता, त्यात तो खेळायचा. तिथून क्रॉफर्ड्समध्ये. तेव्हा तो संघ अजून मोहल्ल्यातल्या पोरांचाच होता. प्रेक्षक यायचे, टोपी फिरायची, जे जमेल ते वाटून घ्यायचं.

१९३० च्या जुलैत होमस्टेड ग्रेजचा सामना पिट्सबर्गच्या फोर्ब्ज फील्डवर कॅन्सस सिटी मोनार्क्सशी होता. दिव्यांच्या उजेडातला सामना, त्या काळी नवलाईची गोष्ट. ग्रेजच्या कॅचरचं बोट दुखावलं आणि प्रेक्षकांत बसलेल्या जॉशला खाली बोलावून कॅचरचा पोशाख चढवला, अशी कथा सांगतात. सांगणारे वेगवेगळ्या तऱ्हेने सांगतात. त्या उन्हाळ्यात अठरा वर्षांचा हा मुलगा ग्रेजचा खेळाडू झाला, एवढं मात्र खरं.

पण तोच उन्हाळा त्याच्या घरावर मोठा घाव घालून गेला. जॉशचं हेलन मेसनशी लग्न झालं होतं. ऑगस्टमध्ये तिने जुळ्यांना जन्म दिला आणि त्यातच ती गेली. मुलाला बापाचं नाव ठेवलं, मुलीला आईचं. लेकरं वाढली आजी-आजोबांकडे, हेलनच्या माहेरी. जॉश परत मैदानावर गेला. त्याने हे दुःख कुठे ठेवलं असेल, हे मला नेहमी कोडंच वाटतं. त्याच्याबद्दल लिहिणारे सगळे त्याच्या हसऱ्या स्वभावाचं वर्णन करतात. या बाबतीत तो फारसा कोणाशी बोलल्याचं मात्र कोणी लिहीत नाही.

बायको गेल्यानंतर महिना-दीड महिन्यात तो न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये खेळला. यँकीज बाहेरगावी असले की ते मैदान काळ्या संघांना भाड्याने मिळत असे. भाडं चालायचं, खेळाडू चालत नव्हते. लिंकन जायंट्सविरुद्धच्या त्या सामन्यात जॉशने डाव्या बाजूला असा काही फटका मारला की पाहणारे आयुष्यभर सांगत राहिले. काहींच्या मते त्या मैदानावर इतका लांब चेंडू तोवर कोणीच मारला नव्हता. कोणी फीत लावून मोजलं नाही. गिब्सनच्या बाबतीत हे नेहमीचंच. चेंडू गेला, लोकांनी पाहिला, लिहून ठेवणारं कोणी नव्हतं.

आता ही बंदी कुठून आली, ते पाहू. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं तेव्हा ते अर्पण केलं अमेरिकेतल्या भल्या लोकांना, ज्यांनी तिथल्या काळ्यांना गुलामीतून सोडवलं त्यांना. पुण्यात बसून जोतीरावांनी त्या लोकांकडे मोठ्या आशेने पाहिलं होतं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्याच अमेरिकेत मागच्या दाराने नव्या भिंती उभ्या राहिल्या. १८८४ साली टोलेडोच्या संघातून मोझेस फ्लीटवूड वॉकर हा काळा कॅचर मुख्य लीगमध्ये खेळला होता. मग गोऱ्या संघमालकांनी आपसांत ठरवून टाकलं की यापुढे काळा खेळाडू घ्यायचा नाही. कुठल्या नियमात हे लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तर निदान त्यावर बोट ठेवता आलं असतं. न लिहिलेली बंदी साठ वर्षं टिकली. आपल्याकडेही अशा न लिहिलेल्या बंद्या कशा चालत आल्या, हे वेगळं सांगायला नको.

काळ्यांनी मग आपलं आपण उभं केलं. १९२० साली रूब फॉस्टरने कॅन्सस सिटीतल्या वायएमसीएच्या इमारतीत बैठक घेऊन निग्रो नॅशनल लीग सुरू केली. ती मंदीत बुडाली, तर १९३३ मध्ये पिट्सबर्गच्या गस ग्रीनलीने त्याच नावाने दुसरी काढली. ग्रीनली हा माणूसही भारी. त्याचा पैसा मुख्यतः आकड्यांच्या धंद्यातला, म्हणजे आपल्या भाषेत मटका. पण क्रॉफर्ड्स संघ त्याने विकत घेतला, १९३२ मध्ये काळ्यांच्या वस्तीतच ग्रीनली फील्ड नावाचं पक्कं मैदान बांधलं आणि देशभरातून खेळाडू गोळा केले. जॉश गिब्सनही ग्रेज सोडून तिकडे गेला. पेज चेंडू टाकतोय, गिब्सन पकडतोय, बेल वाऱ्यासारखा पळतोय, असा तो संघ. १९३३ पासून शिकागोच्या कोमिस्की पार्कवर पूर्व विरुद्ध पश्चिम असा काळ्या ताऱ्यांचा वार्षिक सामना भरू लागला. पुढे १९४३ मध्ये त्याला पन्नास हजारांवर माणूस आलं होतं.

सामना संपला की मात्र बसमध्ये बसायचं. रात्रभर प्रवास, दुसऱ्या गावी दुपारी सामना, संध्याकाळी आणखी एका गावी दुसरा. बऱ्याच ठिकाणी हॉटेलात खोली मिळायची नाही, खानावळीत जेवण मिळायचं नाही. बसमध्येच झोपायचं, बांधून आणलेलं खायचं. असे सामने वर्षाला दीडशे-दोनशे. त्यातले लीगचे थोडेच, बाकी गावोगावच्या हौशी संघांशी किंवा हंगाम संपल्यावर फिरायला निघालेल्या गोऱ्या खेळाडूंशी. त्या गोऱ्या दिग्गजांविरुद्धही गिब्सनची बॅट तशीच चालायची. लोक त्याला काळा बेब रूथ म्हणू लागले. काळ्या वस्तीतले काही जण उलटं म्हणत, की रूथच गोरा जॉश गिब्सन आहे. मला हे दुसरं जास्त पटतं. निदान त्यात कोणाला कोणाच्या मापाने मोजायचं हा प्रश्न तरी आहे.

१९३७ मध्ये ग्रीनलीची तिजोरी आटली आणि त्याने गिब्सनला परत ग्रेजकडे दिलं. बदल्यात दोन खेळाडू आणि अडीच हजार डॉलर. त्याच वर्षी डोमिनिकन रिपब्लिकचा हुकूमशहा ट्रुहियो याच्या नावाच्या संघासाठी पेज, बेल आणि गिब्सन तिकडे जाऊन खेळले. पैसा भरपूर, भोवती शिपायांचा पहारा. हरलो तर काय होईल, या धाकात ते जिंकले. १९४० आणि १९४१ मध्ये गिब्सन मेक्सिकोत, बहुतेक काळ व्हेराक्रूझ संघाकडून खेळला. तिथे पगार जास्त होता आणि हवं त्या हॉटेलात जेवता येत होतं. ग्रेजच्या मालकाने कोर्टात खेचलं, तेव्हा तो परत आला.

परत आलेल्या गिब्सनच्या जोडीला ग्रेजमध्ये बक लेनर्ड होता. गिब्सन आणि लेनर्ड ही जोडी म्हणजे काळ्या बेसबॉलचे रूथ आणि गेरिग. ग्रेजने १९४३ आणि १९४४ अशी सलग दोन वर्षं निग्रो वर्ल्ड सिरीज जिंकली. ते बरेच सामने वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये खेळायचे. तिथला गोरा संघ, सेनेटर्स, बऱ्याचदा खालच्या क्रमांकांवर असायचा. त्यांच्याच मैदानावर ग्रेज गर्दी खेचायचे. लेनर्डने नंतर सांगितलेली एक हकीकत आहे. मैदानाचा मालक क्लार्क ग्रिफिथ याने एकदा दोघांना कचेरीत बोलावलं आणि मोठ्या लीगमध्ये खेळायला आवडेल का, जमेल का, असं विचारलं. दोघांनी हो म्हटलं. पुढे काहीच झालं नाही. देशातले दोन थोर फलंदाज समोर उभे, आपला संघ हरतोय, तरी त्यांना घ्यायची छाती झाली नाही. हरणं परवडलं, पण रांग मोडणं परवडलं नाही!

१९४३ च्या सुरुवातीला गिब्सन एक दिवस बेशुद्ध पडला. मेंदूत गाठ आहे, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं घरचे सांगत. शस्त्रक्रियेला त्याने नकार दिला. शस्त्रक्रियेनंतर आपण अंथरुणालाच खिळून राहू, ही त्याची भीती होती म्हणतात. डोकेदुखी वाढली, पिणं वाढलं, अधूनमधून इस्पितळात राहावं लागे. आणि याच माणसाने त्याच १९४३ च्या हंगामात हजारी ४६६ ची सरासरी काढली! मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा वर्ष पुन्हा तपासून पाहिलं. आजारी माणसाचा तो हंगाम आज मुख्य लीगच्या नोंदीत एका हंगामातली सर्वोच्च सरासरी म्हणून धरला जातो.

ऑक्टोबर १९४५ मध्ये बातमी आली की ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रँच रिकीने जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध केलं. दार उघडलं होतं, पण दुसऱ्यासाठी. रॉबिन्सन कॉलेजात शिकलेला, सैन्यात अधिकारी राहिलेला, काळ्या लीगमध्ये जेमतेम एक हंगाम खेळलेला. रिकीला असा माणूस हवा होता जो शिव्या ऐकूनही हात उचलणार नाही, आणि रॉबिन्सनने ते निभावलं. त्याच्या थोरवीबद्दल शंकाच नाही. पण पंधरा वर्षं बसमध्ये झोपून ज्याने हा खेळ वाढवला, त्या गिब्सनचे गुडघे तोवर गेले होते, शरीर थकलं होतं. त्याला कोणी बोलावलं नाही. या दुःखाने तो खचून मेला, असं काही जण लिहितात. मला तसं लिहायचं नाही. आजार खरा होता, दारूही खरी होती. मात्र आपल्या हक्काची जागा दुसऱ्याला मिळताना पाहणं काय असतं, हे समजायला डॉक्टर लागत नाही.

२० जानेवारी १९४७ रोजी पिट्सबर्गमध्ये पक्षाघाताने जॉश गिब्सन गेला. पस्तिशी पूर्ण होऊन जेमतेम महिना झाला होता. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला. ॲलेगेनी स्मशानभूमीत गिब्सनला पुरलं, पण कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो लागायला १९७५ साल उजाडलं.

दार उघडल्यावर काळ्या लीगचे तरुण खेळाडू मोठ्या संघांनी उचलले आणि मागे उरलेले संघ एकेक करून बंद पडले. त्यांच्या मालकांना बऱ्याचदा मोबदलाही मिळाला नाही. ग्रेजने १९४८ ची शेवटची निग्रो वर्ल्ड सिरीज जिंकली. समोरच्या बर्मिंगहॅम संघात तेव्हा सतरा वर्षांचा विली मेज होता. दोन-तीन वर्षांत ग्रेजही संपले. जॉशचा मुलगा त्या संघाच्या अखेरच्या दिवसांत त्यातून खेळला. न्याय मिळत असतानाच आपला संघ मरत होता, ही गोष्ट त्या लोकांनी कशी सोसली असेल? यावर सोपं उत्तर मला तरी सापडलेलं नाही.

१९६६ मध्ये बॉस्टनचा महान फलंदाज टेड विल्यम्स कूपर्सटाऊनच्या मंचावर सन्मान स्वीकारायला उभा राहिला. त्याने स्वतःच्या भाषणात पेज आणि गिब्सन यांची नावं घेऊन सांगितलं की यांनाही इथे जागा मिळायला हवी, त्यांना संधी मिळाली नाही एवढंच त्यांचं कमी. गोऱ्या खेळाडूने स्वतःच्या सत्काराच्या दिवशी हे बोलावं, याला मन मोठं लागतं. १९७१ मध्ये पेजला घेतलं, तेही आधी वेगळ्या विभागात ठेवायचं घाटत होतं. लोक चिडले तेव्हा ते मागे घेतलं. १९७२ मध्ये गिब्सन आणि लेनर्ड एकत्र आत गेले. गिब्सनच्या पाटीवर त्याने जवळजवळ ८०० होम रन मारल्याचं लिहिलंय. त्यात गावोगावच्या सामन्यांचीही मोजदाद आहे.

मग काही चिकाटीच्या अभ्यासकांनी काळ्यांच्या जुन्या वर्तमानपत्रांतून एकेक सामन्याचा धावफलक शोधायला सुरुवात केली. त्यांच्या वर्षानुवर्षांच्या कामामुळे मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या मुख्य लीगने १९२० ते १९४८ या काळातल्या २,३०० हून जास्त काळ्या खेळाडूंची आकडेवारी आपल्या अधिकृत नोंदीत घेतली. कारकिर्दीच्या सरासरीत टाय कॉबचं नाव जवळजवळ शतकभर पहिलं होतं, हजारी ३६७. आता पहिलं नाव जॉश गिब्सनचं आहे, हजारी ३७२. फटक्यांच्या ताकदीचं जे माप असतं, त्यात रूथ ६९० वर आणि गिब्सन ७१८ वर.

यावर आक्षेपही आहेत आणि ते ऐकून घ्यायला हवेत. काळ्यांच्या लीगचा हंगाम छोटा, साठ-सत्तर सामन्यांचा. गोऱ्यांचा १५४ सामन्यांचा. थोड्या सामन्यांत सरासरी वर राहू शकते, हे गणित बरोबरच आहे. पण हंगाम छोटा का होता? मैदानं भाड्याची होती, तारखा दुसऱ्यांच्या सोयीने मिळायच्या, आणि पोट भरायला मधल्या दिवसांत गावोगाव खेळावं लागायचं. शिवाय रूथ आणि कॉब यांनीही निम्म्या देशाशी सामना न करताच आपले आकडे जमवले. पेजसारख्या पिचरसमोर त्यांना लीगच्या सामन्यात कधी उभं राहावं लागलं नाही. शंका घ्यायची तर दोन्ही वह्यांवर घ्यावी.

म्हणून कोणत्या संघाकडे सर्वांत थोर खेळाडू होते, असं मला कोणी विचारलं तर मी क्रॉफर्ड्स आणि ग्रेज यांची नावं यँकीजच्या बरोबरीने सांगतो. दया म्हणून नाही, हिशेबाने. एका गावच्या दोन संघांत पेज, गिब्सन, चार्ल्सटन, बेल, जॉन्सन आणि लेनर्ड खेळून गेले, आणि ते दोन्ही संघ आज नाहीत. यँकीजची बाजू मांडायला लाखो माणसं आहेत, दुकानात त्यांच्या टोप्या मिळतात. बंद पडलेल्या संघाची बाजू कोणीतरी मुद्दाम मांडावी लागते. आपल्या होळकर संघाचंही तेच आहे. १९५५ नंतर तो मैदानात उतरला नाही, तो जिवंत राहिला तो सांगणाऱ्यांमुळे.

वाचकहो, तुमचं मत यँकीजकडे असेल तर खुशाल असू द्या, वादात मजा आहे. एकच विनंती. पुढच्या वेळी कुठल्याही खेळातल्या, किंवा साहित्यातल्यासुद्धा, थोरांची यादी समोर आली तर ती वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारा: ही यादी करताना दाराबाहेर कोण उभं होतं? नव्या आकड्यांनी जॉश गिब्सनला काही परत मिळालेलं नाही. त्याची बायको, त्याची तब्येत, मोठ्या लीगमधला एक साधा सामना, काहीच नाही. पण आज अमेरिकेतलं एखादं पोर सर्वोत्तम सरासरीची यादी उघडतं, तेव्हा सगळ्यात वर त्याला लिफ्ट चालवणाऱ्या त्या मुलाचं नाव दिसतं. ते नाव तिथे यावं म्हणून ज्यांनी धूळ खात पडलेली वर्तमानपत्रं चाळली, त्या अभ्यासकांनाही माझा नमस्कार.